तिथी मोजत : तवसाळ ते गोवळकोट, होडीने

आईच्या लहानपणी मुंबईहून चिपळूणकडे यायचं म्हणजे बोटीने. भाऊच्या धक्क्यावर चढायचं, दाभोळला उतरायचं आणि तिथून लाँचने खाडीतून वर गोवळकोट बंदरापर्यंत. मोठी बोट दाभोळच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर उभी राही, पडाव तिच्या अंगाला येऊन भिडत, आणि लाट वर आली की वरचा खलाशी पोराला बखोटीला धरून खालच्याच्या हातात देई. ही गोष्ट आम्ही भावंडं जन्मभर ऐकत आलो. आई आता ८४ वर्षांची आहे, चिपळूणला असते, आणि गुडघ्यांमुळे जिने चढत नाही. दादाच्या मनात बरीच वर्षं होतं की दाभोळपासूनची ती वाट एकदा पाण्यावरूनच करायची. यंदा माघात जमलं. मी, दादा आणि वहिनी. तवसाळला दादाच्या ओळखीचे एक तांडेलकाका आहेत. ते त्यांच्या भाच्याला घेऊन यायला तयार झाले. त्यांची होडी तवसाळला, म्हणून दाभोळच्या आधी समुद्राचा एक तुकडाही वाट्याला आला.

दिवस पहिला : माघ शुद्ध द्वादशी, तवसाळ

चिपळूण, गुहागर, तवसाळ हा एसटीचा प्रवास नेहमीसारखाच. दुपारी तीनला पोचलो तेव्हा शास्त्री नदीची खाडी पार ओसरली होती. पलीकडे जयगडचा किल्ला आणि वीज प्रकल्पाची उंच चिमणी, अलीकडे ओल्या वाळूत वाकलेल्या दहा-बारा बायका. हातात कोयती, कमरेला टोपली, आणि बोटांनी वाळू उकरून तिसऱ्या काढणं चाललेलं. फेरीबोट आपल्या वेळेवर गाड्या घेऊन येत-जात होती, पण या बायकांचं सगळं लक्ष पाण्याच्या कडेकडे. कड सरकायला लागली तशा एकेक करून उठल्या.

होडी २६ फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड इंजिन. मध्ये चार बांबू उभे करून वर निळी ताडपत्री ताणलेली. पुढे नाळेत नांगर, दोर, पेट्रोलचे कॅन आणि पाण्याचे दोन मोठे जार. वहिनीने घरून स्टोव्ह आणला होता, तो काकांनी बघितला आणि शांतपणे परत पिशवीत ठेवायला लावला. होडीत पेट्रोल असताना चूल पेटवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम, लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, उकडलं तरी.

रात्री काकांच्या घरी जेवलो. तिसऱ्यांची एकशिपी, तांदळाची भाकरी, सोलकढी. एका शिंपल्यात मांस ठेवून दुसरा फेकायचा, असं शंभर-दीडशे तिसऱ्यांचं करायचं म्हणजे किती वेळ लागत असेल! काकूंनी ते आम्ही येईपर्यंत उरकलंही होतं. जेवताना दादाने फोनवर भरतीचं ॲप उघडलं. काकू म्हणाल्या, "त्याला कशाला विचारताव? बारस हाय आज. बारा त्रिक छत्तीस, त्याचे चार भाग. नऊ. नवाला भरती."

हा हिशोब किनाऱ्यावरच्या घराघरांत आहे, आणि आम्ही पाचही दिवस तो करत राहिलो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा संपली की वद्य प्रतिपदेपासून पुन्हा एकापासून मोजायचं. दिवसात दोन भरत्या. भरतीनंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, तिला इकडे सुकती म्हणतात. ॲपमध्ये आणि तिथीत अर्ध्या तासाचा फरक पडायचा, पण होडीत बसल्यावर फोनला रेंज नसायची आणि तिथी मात्र असायची. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं आणि तितकंच खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा चढ-उतार कमी. आम्ही उधाणाकडे निघालो होतो. त्याचा अर्थ आम्हाला चौथ्या दिवशी कळला.

दिवस दुसरा : त्रयोदशी, समुद्र

तेरसेची भरती पावणेदहाला. तिच्या आत दाभोळच्या मुखाशी पोचायचं, म्हणजे भरतीचं पाणीच आपल्याला आत घेतं. म्हणून सव्वासहाला, अंधारातच निघालो. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा असतो. त्याने समुद्र दाबून सपाट केला होता. थंडी मात्र सपाटून. वहिनीने शाल, वर जॅकेट, वर लाइफ जॅकेट असं सगळं घातलं होतं.

उजवीकडे किनारा हळूहळू उजळत गेला. रोहिले, हेदवी, वेळणेश्वर. ही सगळी गावं आम्ही गाडीने कितीदा पाहिली आहेत, घाटी उतरून, वळणं घेत, एकातून दुसऱ्यात जायला पाऊण-पाऊण तास घालवून. पाण्यावरून ती एकमेकांच्या शेजारी मांडून ठेवल्यासारखी दिसतात. एक डोंगराची सोंड संपते, आत नारळाची काळी रेघ, मध्ये देवळाचा कळस, पुन्हा सोंड. हेदवीची बामणघळ आम्ही वरून पाहिलेली, तीत पाणी उसळतं ते पाहायला गर्दी होते. समुद्रातून ती नुसती खडकातली एक बारीक काळी चीर आहे. दाखवली नसती तर कळलीही नसती.

वेळणेश्वर मागे पडल्यावर भाच्याने एकदम इंजिन बंद केलं. आउटबोर्डच्या मागून थंडाव्याच्या पाण्याची एक बारीक धार सतत पडत असते. ती थांबली होती. इंजिन वर उचललं तर पाणी ओढायच्या जाळीवर दुधाची पिशवी घट्ट चिकटलेली, आणि तिचे तुकडे आतही गेलेले. नांगर टाकला. इंजिन निवेपर्यंत हात लावायचा नव्हता, मग बारीक तार घालून भाचा एकेक तुकडा ओढून काढत राहिला. त्यात दोन तास गेले. थांबलेली होडी चालत्या होडीपेक्षा जास्त डुलते. वहिनीला त्रास सुरू झाला. काकांनी तिला मध्यभागी, चेहऱ्यावर वारा येईल अशी बसवलं आणि लांबच्या डोंगराकडे बघत राहायला सांगितलं. आल्याचा तुकडा दाढेत धरायला दिला. उपयोग झाला. मी मात्र त्या दोन तासांत किती पिशव्या वाहत गेल्या ते मोजलं. एकोणीस. किनाऱ्यापासून दीड-दोन किलोमीटरवर. आपल्या हातून सुटलेली पिशवी कुणाचं इंजिन समुद्रात बंद पाडते, हे मला आजवर खरंच सुचलं नव्हतं.

होडी निघाली तेव्हा चार-पाच गादे, म्हणजे डॉल्फिन, आमच्याबरोबर थोडे पुढेपर्यंत आले. काळपट पाठी, संथ, कसली घाई नसलेले. मग गुहागरचा लांबलचक किनारा, मागे सुरूची झाडं. पुढे ज्याला लोक अजून एन्रॉनच म्हणतात त्या प्रकल्पाचा समुद्रात काढलेला बांध, आणि टाळकेश्वरचं दीपगृह. दीपगृहाला वळसा घातला तेव्हा सव्वाअकरा वाजून गेले होते. भरती संपून दीड तास झाला होता. खाडी बाहेर यायला लागली होती आणि समुद्राची लाट आत जायला बघत होती. जिथे दोन्ही भेटत होती तिथे वाळूचा दांडा आहे. त्यावर पाणी पांढरं होऊन उभं राहत होतं.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. होडी संथ गोल फिरवत लाटा मोजत राहिले. मग म्हणाले, "घट धरून बसा," आणि अंजनवेलच्या अंगाने, गोपाळगडाच्या खालून, दांडा टाळत आत शिरले. बाजूने एक लाट आत आली आणि सगळ्यांच्या पिशव्या भिजल्या. एरवी पाच मिनिटांची वाट, आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं लागली. आईची बोट बाहेरच का उभी राहायची, ते मला तिथे, ओल्या कपड्यांत, नीट कळलं.

दाभोळला वाळत घातलेल्या सुकटीच्या शेजारी आम्ही आमचे कपडे वाळत घातले. संध्याकाळी मशिदीपर्यंत चालत गेलो. आदिलशाही काळातली ही दगडी मशीद बंदराच्या अगदी जवळ आहे, आणि तिच्याकडे बघितलं की दाभोळ एके काळी काय होतं याचा अंदाज येतो. पंधराव्या शतकात हिंदुस्थान फिरलेला रशियन प्रवासी अफनासी निकितिन परत निघाला तो इथूनच जहाजात बसून. आज बंदरात मासेमारीच्या होड्या आणि धोपाव्याची फेरीबोट. धक्क्यावरच्या एका चाचांना विचारलं, गोवळकोटची लाँच कुठून सुटायची? त्यांनी बोट दाखवलं आणि लगेच विचारलं, "तुमचं कोण यायचं?" जणू त्या लाँचची चौकशी फक्त आपलं माणूस असलेलाच करतो. आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. त्यांना ते ओळखीचं नव्हतं, पण चहा मात्र पाजला.

ज्यांना असा समुद्राचा तुकडा करायचा असेल त्यांना सांगते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सोडून विचार करू नका. निघण्याआधी बंदर खात्याच्या कार्यालयात आणि सागरी पोलिसांकडे नावं देऊन निघा, आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे नंबर फोनमध्ये आणि एका कागदावर, दोन्हीकडे असू द्या. दुपारनंतर वारा समुद्रावरून उलटा येतो, तेव्हा अकरापर्यंत खाडीत असायचं. कपड्यांच्या पिशव्या नुसत्या ‘वॉटरप्रूफ’ म्हणून घेऊ नका. खताच्या गोणीच्या आतलं जाड प्लास्टिक सगळ्यांत चांगलं, हे काकांचं मत मी आता पटून सांगते आहे.

दिवस तिसरा : चतुर्दशी, दाभोळ ते परचुरी

सकाळी साडेसहाला भरतीबरोबर निघालो. वाशिष्ठीची खाडी दाभोळला एवढी रुंद आहे की पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसतात. भरतीचं पाणी मागून ढकलत असेल तर इंजिनाला फार जोर लागत नाही. आवाज कमी, पेट्रोल कमी, आणि काठ आपणहून मागे सरकत असतो. दोन्ही बाजूंना कांदळवन. मुळं अर्धी पाण्यात, फांद्यांवर बगळे. एका उंच वठलेल्या झाडावर समुद्रगरुडाचं घरटं होतं, काटक्यांचा मोठा भारा. खाली होडी थांबवली तर मादी नुसती मान वळवून बघत राहिली.

दादाला सुकाणू धरायचं होतं. काकांनी दिलं. एका वळणावर दादाने वळण कापून सरळ काढायला बघितलं आणि पाण्याखालून खट्ट असा आवाज आला. इंजिन जोरात फिरू लागलं, होडी मात्र जागच्या जागी. जाळी लावायला रोवलेल्या खुंटाला पंखा लागला होता. भरतीत ते खुंट बुडतात, दिसत नाहीत, पण तिथे राहणाऱ्यांना त्यांची ओळ पाठ असते. सुदैवाने पंखा शाबूत होता. त्याला धरणारी पितळी पिन तुटली होती, आणि पंखा वाचावा म्हणून ती तुटण्यासाठीच असते. भाच्याच्या डबीतल्या दोन्ही पिना जाड निघाल्या. मग त्याने खिळा कापून घासून बसवला. तोवर होडी भरतीबरोबर वाहत वर चालली होती आणि काका बांबूने तिला काठापासून दूर ठेवत होते. दादाने त्या मच्छीमाराला शोधून काढून खुंट हलला का ते विचारलं. त्याने बघून सांगितलं, काही झालं नाही, आणि वर परचुरीपर्यंत कुठे कुठे खुंट आहेत ते हाताने हवेत काढून दाखवलं.

परचुरीला राहिलो. बाकी दिवस काहीच घडलं नाही, आणि ते फार छान होतं. जेवायला बोयीचं कालवण आणि कुळथाची पिठी. रात्री पडवीत झोपल्यावर खाडीच्या पाण्याचा आवाज दर थोड्या वेळाने बदलत होता.

दिवस चौथा : पौर्णिमा, आजोळ आणि चिखल

पौर्णिमेची भरती मुखाशी सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान, आणि जितकं वर जाल तितकी ती उशिरा पोचते. आम्ही साडेबाराला आईच्या आजोळी पोचलो तेव्हा पाणी नुकतं थबकलं होतं. दगडी पायऱ्यांचा एक लहान धक्का, वरच्या तीन पायऱ्या कोरड्या, बाकी पाण्याखाली. आई सांगायची ते हेच. लाँच मध्ये थांबायची, होडकं यायचं, आणि आजी वरच्या पायरीवर उभी असायची.

घरात आता आईच्या मामाचा नातू राहतो. आम्ही पायऱ्या चढून समोर आलो तर समोरचं दार बंद, आतून फळी लावलेली. हाका मारल्या. मागून आवाज आला, "इकडून या, इकडून!" रस्ता झाला तशी माणसं मागून येऊ लागली. गाडी मागे लागते, पोस्टमन मागून येतो. मागच्या पडवीला नवी फरशी, ग्रिल, डोअरबेल. पुढे खाडीकडे तोंड करून तुळशीवृंदावन तसंच आहे आणि त्या बंद दाराचा उंबराही. मी तो जवळून पाहिला. लाकूड मध्यभागी बशीसारखं खोल झालेलं, पायांनी झिजून, आणि गुळगुळीत. दोन्ही कडांना मूळची उंची शिल्लक होती, मधल्या खोलगट भागात माझी अख्खी मूठ मावली. मामाच्या नातसुनेने मला तसं बसलेलं पाहिलं, काही न विचारता आत गेली आणि फळी काढून दार उघडलं. समोर एकदम खाडी. घरातल्या शाळकरी मुलाने ते दार उघडलेलं पहिल्यांदाच पाहिलं होतं.

मग जेवल्याशिवाय कसे सोडतील? वालाचं बिरडं, भाकरी, आंब्याचं लोणचं, वर कालवांचं सुकं. दोन वाजता भाचा पायऱ्यांवरून सांगून गेला, पाणी गेलं. अडीचला परत आला. आम्ही जुने फोटो बघत होतो. निघालो तेव्हा तीन वाजून गेले होते, आणि त्या वेळी धक्क्याच्या अकरा पायऱ्या उघड्या होत्या.

साडेतीनच्या सुमारास होडीखालून लोणी कापल्यासारखा मऊ आवाज आला आणि ती थांबली. काकांनी लगेच इंजिन वर घेतलं, बांबू रेटला. बांबूच चार फूट आत गेला. आम्ही चौघांनी एका बाजूला होऊन पाहिलं, मागे जाऊन पाहिलं. पाणी डोळ्यांदेखत उतरत होतं. दहा मिनिटांनी होडीभोवती वीतभर पाणी, अर्ध्या तासाने तेही नाही. काकांनी नांगर टाकला आणि म्हणाले, "आता धाला निघू. खाली उतरायचं नाय कोणी. कमरेपातूर जाल."

रात्रीचे दहा. साडेसहा तास. उधाणाचा अर्थ हाच. भांगात हीच जागा पाण्याखाली राहिली असती.

पहिला तास दादा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. उशीर आमच्यामुळे झाला होता आणि भाचा दोनदा बोलावून गेला होता. काकांच्या तोंडून मात्र एक शब्द निघाला नाही. ते जाळ्याचा फाटका भाग घेऊन शिवत बसले.

मग चिखल हलायला लागला. म्हणजे तो हलतच असणार, आम्ही आता गप्प झालो होतो. बोटभर लांबीचे निवटे, डोळे डोक्यावर, पंखांवर भार देऊन पुढे सरकत, मध्येच टुणकन उडी. दोन नर समोरासमोर आले की पाठीवरचे पर ताठ करून तोंडं उघडायचे. नखाएवढे खेकडे बिळांतून बाहेर, एक नांगी मोठी, लाल, ती सगळे मिळून वर-खाली करत होते. वहिनीने जरा हात हलवला की अख्खं मैदान एका क्षणात रिकामं. दोन मिनिटं स्थिर राहिलं की पुन्हा भरलेलं. चिखलाला वास असतो, सडका म्हणतात तसा नाही. ओल्या मातीचा, मिठाचा आणि थोडा माशाचा. पलीकडच्या उतारावर एक लाकडाचा ओंडका होता, सूर्य कलल्यावर तो उठला आणि पाण्यात गेला. मगर. चांगली आठ-नऊ फूट. हिवाळ्यात त्या अशा उन्हाला येऊन पडतात. चिपळूणकडून मुद्दाम त्या बघायला होड्या येतात, पण आम्हाला त्या क्षणी बघण्याचा आनंद झाला असं म्हणता येणार नाही. काकांनी सगळ्यांना पाय आत घ्यायला सांगितलं.

अंधार पडता पडता मधल्या खोल धारेतून एक होडकं आलं. नवरा-बायको, भोई समाजातले, रात्रीचं जाळं लावायला निघालेले. आमच्यापासून वीस-पंचवीस हातांवर पाणी संपत होतं. तिने विचारलं, "बायामाणसं हायेत का? जेवलाव का?" आम्ही हो म्हणालो, दुपारी भरपूर झालंय. तिला ते पटलं नसावं. नवऱ्याने होडक्यातली फळी चिखलावर टाकली, एक गुडघा फळीवर टेकला आणि दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलत, घसरगुंडीवरून यावं तसा आमच्यापर्यंत आला. डब्यात गरम पेज आणि केळीच्या पानात भाजलेली दोन बोय. डबा परत कुठे द्यायचा विचारलं तर म्हणाला, गोवळकोटला कुणाकडेही द्या, येतो.

तो थोडा वेळ फळीवरच थांबून काकांशी बोलला. पूर्वी या धारेतून लाँच जायची, आता गाळाने ती सरकली आहे. २२ जुलै २०२१च्या पुराने तर खाडीचा तळच बदलून टाकला. मासा कमी झालाय. वरच्या अंगाचे कारखाने रसायनाचं पाणी सोडतात तेव्हा खाडीला वेगळाच वास येतो, आणि त्या आठवड्यात जाळं टाकून काही हाती लागत नाही. तक्रारी देऊन झाल्या, कागद झाले. हे सांगताना त्याचा आवाज चढला नाही. मला मात्र फार वाईट वाटलं. चिखलात अडकलेल्या परक्यांना आपली रात्रीची पेज देणाऱ्या माणसाच्या हातात जाळ्याला मासा नाही.

मग चंद्र वर आला. माघी पौर्णिमेचा. सगळा चिखल रुप्याच्या पत्र्यासारखा झाला. साडेनऊच्या आधी कुठून तरी बारीक चुळचुळ ऐकू यायला लागली, हजारो बुडबुडे फुटावेत तशी. काका म्हणाले, "भरती." बिळांत पाणी शिरत होतं. दहाला पाच कमी असताना होडी एका बाजूने हलकी झाली, डुलली, आणि तरंगली. आम्ही खोल धारेत जाऊन नांगर टाकला आणि तिथेच ताडपत्रीखाली झोपलो.

होडीतून खाडी करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. कुठेही थांबलात तर पाणी पूर्ण भरायच्या आधी, चढत्या पाण्यात निघा. चढत्या पाण्यात रुतलात तर दहा मिनिटांत सुटता, उतरत्या पाण्यात रुतलात तर दिवस जातो. टॉर्च दोन. पाणी माणशी चार लिटर. डासांचं मलम विसरलात तर परत जा आणि घेऊन या. पेट्रोल आम्हाला जाऊन-येऊन ७० लिटरच्या आसपास लागलं.

दिवस पाचवा : वद्य प्रतिपदा, गोवळकोट

सकाळी पाणी पुन्हा खाली. नऊनंतर वर चढायला लागलं तेव्हा निघालो. दादाने आदल्या दिवशी आईला फोनवर सांगून ठेवलं होतं, अकराला पोचतो. आता रेंज नव्हती. ती भाड्याच्या रिक्षाने येणार, दोन तास उन्हात ताटकळत बसणार, या विचाराने दादा बेचैन होता. चिखलाची हकिकत तिला सांगायची नाही, असंही आमचं ठरलं.

जगबुडी येऊन मिळते तो भाग मागे पडला. खाडी अरुंद होत गेली. काकांनी ओंजळीत पाणी घेऊन तोंडात घेतलं, थुंकलं आणि म्हणाले, "गोडं व्हायला लागलं." वाशिष्ठीची ही गंमत मोठी आहे. कोकणातल्या बहुतेक नद्या माघात डबक्यांवर येतात, हिला मात्र पाणी असतं. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून वीजघरांवर पडतं आणि कोळकेवाडीवरून हिच्यात येतं. घाटावर पडलेला पाऊस, जो कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचा, तो इथे आमच्या होडीखालून अरबी समुद्राकडे चालला होता. पाणी थंडही होतं. वहिनीने पाच दिवसांत पहिल्यांदा तोंड धुऊन चेहरा चिकट होत नाही म्हणून दोनदा धुतलं.

गोविंदगडाची टेकडी दिसली, मग बंदर. एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. आई कुठे दिसेना. काठावर एक रिक्षा येऊन थांबत होती. तिच्यातून आधी काठी बाहेर आली, मग पितळी डबा, मग आई.

दादा होडीतूनच ओरडला, "अगं, अकरापासून बसलीस की काय?"

"अकराला कशाला येऊ?" आई म्हणाली. "प्रतिपदा आहे. पाऊण वाजता दाभोळला भरती. त्याच्याआधी तुम्ही कसे पोचता?"

रिक्षावाल्याने तिला हाताला धरून पाण्याच्या कडेपर्यंत आणलं. तिने आमच्याकडे पाहिलं नाही. होडीच्या बाहेरच्या अंगावर पाण्याच्या वर एक हातभर राखाडी चिखल वाळून तडकला होता, आपण सगळं धुतलं असं आम्हाला वाटत होतं तरी. तिने काठीच्या टोकाने त्याचा एक पोपडा पाडला.

"कुठं रुतलात?"

दादाने जागा सांगितली.

"तिथेच रुततात," आई म्हणाली, आणि डबा वहिनीच्या हातात देऊन काकांना विचारलं की होडीत चढायला फळी आहे का.